ब्रिस्बेन गुरुजी

जळकोटच्या बसस्टँडवर उदगीरची गाडी किती वाजता आहे असं विचारलं, तर पाच माणसं पाच निरनिराळे टाइम सांगतात. सहावे गुरुजी असतात. ते टाइम सांगत नाहीत. ते आधी चष्मा उपरण्याला पुसतात, मग म्हणतात, "ब्रिस्बेनला नदीतली बोटसुद्धा दर पंधरा मिनिटाला असते, बरं का." विचारणारा गावचा असेल तर "व्हय की" म्हणून पानटपरीकडं सरकतो. नवखा असेल तर सभ्यपणानं "असं का?" म्हणतो आणि तिथंच फसतो. उदगीरची गाडी येते, थांबते, कंडक्टर घंटी मारतो, गाडी निघून जाते, आणि तो भला माणूस अजून साउथ बँकच्या बागेत बोगनवेलीच्या मांडवाखाली उभा असतो.

गुरुजींचं खरं नाव आता पेन्शनच्या कागदावर तेवढं उरलंय. गावात ते ब्रिस्बेन गुरुजी. जुन्या बाया 'बिसबिन गुरुजी' म्हणतात. ते त्यांना चालतं. 'ऑस्ट्रेलियावाले' म्हटलेलं मात्र चालत नाही. "ऑस्ट्रेलिया खंड आहे," ते सुनावतात, "मी काय खंडभर हिंडलो का? क्वीन्सलंड राज्य, राजधानी ब्रिस्बेन."

असे गुरुजी आता मराठवाड्यातल्या दर तालुक्याच्या गावी एकेक आहेत. कुठं कॅनडावाले आबा, कुठं न्यू जर्सीवाले बापू, कुठं जर्मनीवाले मामा. लातूरच्या शिकवण्यांतून पोरं इंजिनिअरिंगला गेली, पुण्यात नोकरीला लागली आणि पुण्यातून उडाली. पुढं नातवंडाची चाहूल लागली की आईबापांना तीन महिन्यांचा व्हिसा येतो. आई बाळंतपणाला जाते. बाप नुसता जातो. त्यानं तीन महिने करायचं काय, हे व्हिशावर लिहिलेलं नसतं. म्हणून तो शहर पाहतो, आणि परत आल्यावर ते शहर उरलेला जन्मभर गावाला दाखवत राहतो.

आमच्या गुरुजींची गोष्ट जरा आणखी अवघड आहे, कारण त्यांनी हयातभर जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. ऑस्ट्रेलियाचा नकाशा ते फळ्याकडं पाठ करून काढत. मेंढ्या, लोकर, ग्रेट बॅरिअर रीफ, मरे-डार्लिंगचं खोरं, सगळं तोंडपाठ. ते सगळं खरोखर आहे का, हे तपासायला मात्र शिक्षण खात्यानं त्यांना कधी पाठवलं नाही. ते काम पोरानं केलं. त्यामुळं गुरुजी ब्रिस्बेनला पर्यटक म्हणून गेलेच नाहीत. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाच्या चेहऱ्यानं ते विमानात चढले.

विमान हैदराबादहून. जळकोटला मुंबईपेक्षा हैदराबादच जवळ. काकूंनी सामान बांधलं: डिंकाचे लाडू, खारीक, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, ज्वारीचं पीठ, सांडगे, लसणाचं तिखट. गुरुजींनी गुपचूप मालदांडी ज्वारीच्या बियांची एक पुडी घातली. पोराच्या परसात दोन ओळी टोचाव्यात, एवढाच हेतू. ऑस्ट्रेलियात उतरताना एक कार्ड भरावं लागतं: खायचं, प्यायचं, बी-बियाणं, लाकूड, कातडं काही आणलंय का, हो की नाही. त्या देशाला रोगाची आणि किडीची फार धास्ती. आणलं म्हणून दंड होत नाही, लपवलं म्हणून होतो. आता ज्या माणसानं चौतीस वर्षं शासनाला माहितीचे तक्ते भरून दिले, त्याच्यापुढं कुणी रिकामी चौकट ठेवावी का? गुरुजींनी सगळीकडं 'हो' लिहिलं आणि 'सोबत यादी जोडली आहे' असं म्हणून फुलस्केप कागद जोडला. अनुक्रमांक, वस्तूचे नाव, वजन, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात लसणाच्या तिखटापुढं 'अति तिखट' असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. विमानतळावरच्या बाईंनी यादी वाचली, दुसऱ्या बाईंना बोलावून वाचायला दिली, आणि लाडू, पीठ, चटण्या बघून बघून सोडून दिल्या. बियांची पुडी ठेवून घेतली. गुरुजींनी तिची पोच मागितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते घराबाहेर उभे राहिले आणि तासभर आत आलेच नाहीत. सूनबाई घाबरली. गुरुजी आपली सावली बघत होते. सूर्य उगवला पूर्वेलाच, पण दुपारी आभाळात उत्तरेच्या बाजूला गेला आणि सावली पडली दक्षिणेला. ब्रिस्बेन मकरवृत्ताच्या खाली असल्यामुळं तिथं सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, बारा महिने उत्तरेलाच. हे त्यांनी वर्गात कितीतरी पिढ्यांना सांगितलं होतं. पण इतकी वर्षं आपण खरं बोलत होतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. "पुस्तक बरोबर आहे," असं त्यांनी आत येऊन जाहीर केलं.

ही बातमी त्यांनी लागलीच जळकोटला फोन करून सांगितली, आणि इथं पारावर नवाच पेच पडला. तिथं उत्तरमुखी घराला ऊन मिळतं म्हणून किंमत जास्त, हे ऐकून वास्तुशास्त्र सांगणारे एक गृहस्थ गप्प झाले. दक्षिणमुखी मारुतीनं तिकडं तोंड कुठं करावं, यावर चार दिवस वाद चालला. शेवटी मारुतीनं आहे तिथंच राहावं असं ठरलं.

फोनचीही एक कहाणी. ब्रिस्बेनचं घड्याळ आपल्यापुढं साडेचार तास. गुरुजींना पहाटे पाचला जाग येते, आणि तेव्हा जळकोटला रात्रीचे साडेबारा. हा हिशोब त्यांना नीट येत होता, पण मृग निघाला होता, शेतात सोयाबीनची पेरणी व्हायची होती आणि शेत होतं बटईनं. मग काय, नदीकाठच्या बाकावर बसून, समोर स्टोरी ब्रिजचे दिवे अजून विझले नाहीत अशा वेळी, गुरुजी ओरडायचे, "झोपलाव का रं? तुरीची ओळ किती ओळींनी सोडलालाव?" बटईदार सांगतो, "गुरुजी गावात होते तवा महिन्यातून एकदा रानात यायचे. परदेशी गेले आन् रोज रात्री यायला लागले."

आता शहर. ब्रिस्बेनची गंमत ही की तिथं पाहण्यासारखं जे आहे ते सगळं नदीच्या मागं-पुढं आहे आणि नदी शहरातून इतकी वळणं घेते की एकच पूल तीनदा भेटल्यासारखा वाटतो. जॉन ऑक्सली नावाचा इंग्रज 1823 साली या नदीत शिरला आणि न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नराचं नाव तिला देऊन आला. पुढच्याच वर्षी कैद्यांची वसाहत आली. त्याआधी हजारो वर्षं तिथं तुरबल आणि यगेरा लोक राहत होते, जागेचं नाव मिआनजिन. गुरुजी हे सगळं सनावळीसह सांगतात आणि शेवटी म्हणतात, "कैद्यांचं गाव, दोनशे वर्षांत कुठल्या कुठं गेलं!" यावर आमच्यातला एक जण दर वेळी त्यांना आठवण करून देतो, की सदाशिवरावभाऊंनी उदगिरात निजामाला हरवलं 1760 साली. म्हणजे आपण पुढं होतो. गुरुजी म्हणतात, "होतो."

नदीत सिटीकॅट नावाच्या बोटी धावतात. 1996 पासून. भाडं पन्नास सेंट, म्हणजे तीसेक रुपये. 2024 च्या ऑगस्टपासून क्वीन्सलंड सरकारनं बस, रेल्वे, बोट, सगळ्याला हेच भाडं केलं. टोकापासून टोकापर्यंत बसा नाही तर पुढच्या धक्क्यावर उतरा. हे कळल्यावर पुढच्या धक्क्यावर उतरणं गुरुजींना नुकसानीचं वाटू लागलं. ते विद्यापीठाच्या धक्क्यावर चढत आणि पार नॉर्थशोर हॅमिल्टनला उतरत. उतरून काय करत? परतीच्या बोटीत चढत. बोटीवरच्या पोरापोरींना ते इतके ओळखीचे झाले की एका पोरीला ते नव्यानं नोकरीला लागलेले तपासनीस वाटले.

काकूंना या पन्नास सेंटांचं कौतुक नव्हतं. "बायकांना अर्धं हाय का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. एसटीत 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट लागतं, तेव्हापासून काकू कुठल्याही वाहनाचा न्याय त्याच मापानं करतात. सर्वांना सारखंच भाडं आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग आपलंच सरकार बरं." गुरुजींनी पटवायचा प्रयत्न केला, की सगळ्यांचंच कमी केलंय. काकूंचं म्हणणं, सगळ्यांचंच कमी केलं तर मग आपलं कमी झालं हे कळायचं कसं?

कारणे द्या: ब्रिस्बेन शहराच्या मध्यभागी समुद्र नसताना तिथं समुद्रकिनारा आहे. हा प्रश्न गुरुजी हमखास विचारतात. उत्तर असं: नदीचं पाणी आपल्या तिरूसारखंच मातकट आणि वर त्यात शार्क मासे येतात, म्हणून पोहायची सोय नाही. 1988 साली तिथं मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. ते संपल्यावर त्या रिकाम्या जागेवर इमारती न उठवता 1992 मध्ये लोकांसाठी बाग केली, तीच साउथ बँक. तिच्यात, नदीपासून हाकेच्या अंतरावर, वाळू आणून टाकली, निळं पाणी भरलं, पहारा ठेवला, आणि झाला समुद्रकिनारा. फुकट. गुरुजी विजारीचे पाय वर करून त्या पाण्यात घोट्यापर्यंत उभे राहिल्याचा फोटो आहे. डोक्यावर माकडटोपी आहे, कारण महिना जुलै, म्हणजे तिकडचा हिवाळा. पारा दुपारी वीस-बावीसवर आणि ऊन लख्ख. तिकडच्या लोकांनी बनियन घातलेली, गुरुजींनी दोन स्वेटर.

परत आल्यावर गावातल्या एका बैठकीत गुरुजींनी सूचना मांडली, की तलावाच्या कडेला वाळू टाकून जळकोटलाही किनारा करावा. सूचना सर्वांना आवडली. फक्त एकानं विचारलं, "वाळू रातीतून गेली तर?" विषय तिथंच संपला.

ब्रिस्बेनच्या बागांतून विजेच्या शेगड्या बसवलेल्या आहेत. बटण दाबा, तवा तापतो. पैसे नाहीत, चिठ्ठी नाही, ओळख नाही. कांगारू पॉइंटच्या कड्यावर, खाली नदी आणि पलीकडं काचेच्या इमारती असा देखावा समोर ठेवून लोक तिथं मांस भाजतात. काकूंनी तो तवा बघितला आणि घरी येऊन ज्वारीचं पीठ काढलं. पुढच्या रविवारी कांगारू पॉइंटला धपाटे झाले. पहिलं धपाटं गुरुजींनी खाल्लं, दुसरं नात्यात गेलं, तिसऱ्याला मागं रांग लागली. एका चिनी कुटुंबानं मोबदल्यात कोळंबी दिली, ती परत करताना काकूंची कोण तारांबळ! लसणाच्या तिखटाबद्दल विमानतळावर जी लेखी सूचना दिली होती ती इथं कुणी वाचलेली नव्हती. एका उंचापुऱ्या जवानानं बोटभर घेतलं आणि बराच वेळ नदीकडं तोंड करून उभा राहिला. निघताना काकूंनी तवा असा घासला की पोरगा म्हणाला, "आई, एवढा नको, लोकांना नवीन बसवलाय असं वाटंल."

गुरुजींनी पाहिलं नाही असं काही ठेवलं नाही. माउंट कूट-था चढून सगळं शहर एका नजरेत घातलं. लोन पाइन या 1927 पासूनच्या कोआला उद्यानात गेले. पूर्वी तिथं कोआला कडेवर घेऊन फोटो काढता येई, 2024 पासून ते बंद झालं. गुरुजींना त्याचं वाईट वाटलं नाही, कारण कोआला झोपलेला होता. तो दिवसाचे अठरा-वीस तास झोपतो. झोपलेल्या विद्यार्थ्याला उठवायची सवय असलेले गुरुजी झाडाखाली बराच वेळ चुळबुळत उभे होते. लांब चोचीचा पांढरा कुदळ्या, जो बघायला आपल्याकडं तळ्यावर पहाटे दबकत जावं लागतं, तो तिथं भर चौकात कचरापेटीतून बटाट्याचे काप काढून खातो. त्याला तिकडं कचऱ्यातली कोंबडी म्हणतात. गुरुजींना हे फार लागलं.

उपनगरांची नावं त्यांनी हजेरीपटासारखी पाठ केली आहेत: वुलूनगाबा, इंडूरुपिली, येरोंगपिली, कूरपारू, टूवोंग. काकूंना ही गावं तेलंगणातली वाटतात.

वुलूनगाबाला मैदान आहे, लोक त्याला नुसतं गाबा म्हणतात. तिथं गुरुजी चपला काढून गेले. 1988 पासून त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया कसोटी हरलेली नव्हती. 19 जानेवारी 2021 ला आपली अर्धी जायबंदी टीम 328 धावांचं आव्हान पार करून तीन गडी राखून जिंकली, पंत नाबाद 89, आणि कप्तान आपला अजिंक्य रहाणे. हे सगळं गुरुजींनी दारावरच्या रखवालदाराला सांगितलं. पालघरच्या शार्दूल ठाकूरनं पहिल्या डावात 67 काढले नसते तर पुढचं काहीच झालं नसतं, हेही सांगितलं. रखवालदार म्हणाला, "मी त्या दिवशी इथंच होतो." गुरुजींनी त्याचा हात हातात घेऊन सांत्वन केलं.

पण या सगळ्या पाहण्यात गुरुजींचं पाहणं खरं झालं ते एक्कात. एक्का म्हणजे ब्रिस्बेनचं शेतीप्रदर्शन, 1876 पासूनचं, ऑगस्टात भरतं. जत्राच ती. त्यासाठी शहराला एक दिवस सुट्टी असते. पाळणे, खाऊच्या पिशव्या, स्ट्रॉबेरीचं आइस्क्रीम, आणि मधोमध जनावरं. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत ज्याचं बालपण गेलं, तो माणूस पाळण्याकडं बघतच नाही. गुरुजी सरळ गोठ्यात. गाई शांपूनं धुतलेल्या, यंत्राच्या वाऱ्यानं केस फुगवलेल्या. एका खोंडाचे दात बघायला गुरुजींनी हात पुढं केला तेव्हा मालकानं नम्रपणे थांबवलं. "किंमत?" "विकायला नाही, दाखवायला आणलाय." जनावर दावणीला बांधायचं, बक्षिसाची फीत लावायची आणि परत घरी न्यायचं, हा व्यवहार गुरुजींच्या डोक्यात शिरेना.

पुढच्या दावणीला काकू थबकल्या. तिथं करड्या रंगाचा, लोंबत्या पोळीचा, डोंगराएवढा वळू उभा होता, आणि त्याला वशिंड होतं.

"अवो," काकू म्हणाल्या, "ह्यो तर आपला हाय!"

आणि तो होताच. त्या जातीचं नाव ब्राह्मण. एकोणिसाव्या शतकापासून आपल्याकडची गीर, ओंगोल, कांकरेज, कृष्णाकाठची अशी जनावरं अमेरिकेत गेली, त्यांच्यापासून तिथं ही जात तयार झाली, आणि 1933 मध्ये अमेरिकेतून क्वीन्सलंडला आली. इंग्लंडची गोरी गोमटी जनावरं तिथल्या उन्हानं आणि गोचिडांनी बेजार झाली होती. वशिंडवाल्यानं दोन्ही सोसलं. आज उत्तर ऑस्ट्रेलियातला मांसाचा धंदा बराचसा याच्या जिवावर चालतो, हा शेवटचा भाग गुरुजींनी काकूंना सांगितला नाही. काकूंनी वशिंडावर हात ठेवला. मालक काही बोलायच्या आत त्या पर्समध्ये कुंकू शोधायला लागल्या. देवणीच्या आणि लाल कंधारीच्या मुलखातली बाई, पोळा आठवड्या-दोन आठवड्यांवर आलेला, आणि समोर परदेशात पिढ्या काढलेला आपला बैल. मालकानं टोपी काढली. हे काय चाललंय ते त्याला कळलं नाही, पण काहीतरी चांगलं चाललंय एवढं कळलं. वळूच्या कपाळावर कुंकवाचं बोट लागलं. त्या वर्षी त्याला बक्षीस मिळालं की नाही ते माहीत नाही, पण गुरुजी सांगतात तेव्हा पहिला नंबर असतो.

शेजारी एक गोरे आजोबा राहत. त्यांची आणि गुरुजींची गट्टी जमली ती पाण्यावरून. आजोबांनी नदीकाठच्या पुराच्या खुणा दाखवल्या: 1893, 1974, 2011, 2022. 2011 च्या जानेवारीत नदी 4.46 मीटरवर गेली होती. मग आजोबा गंभीर चेहऱ्यानं दुष्काळाकडं वळले. धरणं आटली, बागेला नळी लावायची बंदी आली, अंघोळ चार मिनिटांत उरकायला घरोघर वाळूची घड्याळं वाटली, आणि माणशी दिवसाला फक्त 140 लिटर पाणी वापरा, असं सरकारनं 2007 साली सांगितलं. "फक्त 140!" आजोबा म्हणाले. गुरुजींनी मनातल्या मनात भागाकार केला. माणशी नऊ घागरी! मग त्यांनी आपला दुष्काळ काढला. 2016 चा एप्रिल, लातूर शहर कोरडं, आणि साडेतीनशे किलोमीटरवरच्या मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी. पहिल्या खेपेला दहा डबे, पाच लाख लिटर. आजोबांना वाटलं, भाषेत काही घोटाळा होतोय. "रेल्वेनं? पाणी?" त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मग ते उठले, आत गेले आणि ते चार मिनिटांचं घड्याळ आणून त्यांनी गुरुजींना भेट दिलं. गुरुजी आता जळकोटला अंघोळीला ते घेऊन बसतात. बादली एकच असल्यामुळं अंघोळ दोन मिनिटांत संपते आणि उरलेली वाळू बघत बसावं लागतं.

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल, माणूस परदेशाला भुलला. आम्हालाही तसंच वाटत होतं. मग दिवाळीत पोरगा आला. त्याला आम्ही म्हटलं, "बाबा, तुझ्या वडलांनी आमचं जगणं मुश्कील केलंय. ऊठसूट ब्रिस्बेन." पोरगा हसायला लागला. म्हणाला, "काका, तिथं ऊठसूट जळकोट होतं."

मग बाहेर आलं ते असं. स्टोरी ब्रिज 1940 चा, हे ऐकल्यावर गुरुजींनी तिथल्या लोकांना उदगीरच्या किल्ल्याचं वय सांगितलं होतं. साउथ बँकच्या प्रचंड पाळण्यात बसून त्यांनी नांदेडच्या गोदाकाठचे घाट वर्णन केले होते. शेजारच्या आजोबांना हत्तीबेट, कंधारचा किल्ला, खरोशाची लेणी, माळेगावची जत्रा अशा सहलीचा नकाशा हातानं काढून दिला होता, प्रमाण आणि दिशा यांसह. सूर्य कुठल्या बाजूनं जाईल हे खास बाणानं दाखवलं होतं. आणि गंमत अशी की हत्तीबेट आमच्यापासून गाडीनं तासाभरावर असूनही गुरुजी तिथं शेवटचे गेले होते ते नोकरीत असताना शाळेच्या सहलीबरोबर, पोरं मोजायला.

म्हणजे हा माणूस कुठंही असला तरी गावकऱ्यांना दुसरंच गाव दाखवतो. जिथं आहे ते शिकवायचं आणि नाही ते दाखवायचं, हा भूगोलाच्या मास्तराचा जन्माचा रोग. बाकी आपण सगळेही त्यातलेच. पुण्यात राहून जळकोटच्या हुरड्याचे गोडवे गातो आणि हुरड्याला आलो की पुण्याचं नेटवर्क काढतो.

काकूंना मात्र हा रोग नाही. त्यांना आम्ही विचारलं, "काकू, तुम्हाला काय आवडलं तिकडचं?" गुरुजी पुढं सरसावले. "साउथ बँक सांग, तो कूट-थाचा डोंगर सांग." काकूंनी त्यांना हातानं गप्प केलं. म्हणाल्या, "म्या तीन महिनं पोटभर पाणी पिऊन घराबाहेर पडले. इथं उदगीरला जायचं म्हणलं तरी आदल्या रातीपासून पाणी तोडावं लागतंय. तिथं जावं तिथं बायकांची सोय. फुकट. आन् निर्मळ."

पारावर कुणी काही बोललं नाही. गुरुजींनी चष्मा पुसला, पण ब्रिस्बेन काढलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यात फरक पडला आहे. हातात वही घेऊन ते गावात फिरतात. बसायला बाक कुठं लागेल, प्यायच्या पाण्याची टाकी कुठं, पाटी कुठं, आणि बायकांची सोय कुठं, याची यादी चालली आहे: अनुक्रमांक, ठिकाण, शेरा. एक बाक त्यांनी पेन्शनमधून कडुलिंबाखाली टाकलासुद्धा, आणि त्यावर पहिले तीन दिवस स्वतःच बसून तो पळवला जाणार नाही याची खात्री केली. कारण त्या नकाशानं भलतंच काम केलं आहे. ब्रिस्बेनचे आजोबा येत्या डिसेंबरात हत्तीबेट बघायला येतायत आणि सोबत त्यांची बायकोही येते आहे.

तेव्हा मंडळी, तुमच्या गावातल्या परदेश पाहून आलेल्या गुरुजींना जरूर टाळा, ते तुमची गाडी चुकवतील. पण गुरुजींची बायको बोलायला लागली तर मुकाट्यानं खाली बसून ऐका. शहर पाहून ती आलेली असते.